रिकामा पाळणा आणि रिकामा रकाना

१/२२
बाराव्या दिवशी बारसे होईपर्यंत मराठी घरातल्या बाळाला नाव नसते. प्रसूतिगृहातल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ’ एवढे लिहून पुढे आईचे नाव येते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातही याची दखल आहे. कलम १४ नुसार बाळाच्या जन्माची नोंद नावाशिवाय करता येते आणि नावाचा रकाना नंतर भरता येतो. सोय रास्त आहे. पण रकाना मोकळा असतानाच ते बाळ घरातून नाहीसे झाले, तर शोध नेमका कोणाचा घ्यायचा आणि कशाच्या आधारे? घरातून नाहीशा झालेल्या तान्ह्या बाळांचा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो.

२/२२
मोठे मूल हरवले तर त्याच्याजवळ निदान स्वतःची आठवण असते. मध्य प्रदेशातील खंडव्याचा सरू १९८६ साली, पाच वर्षांचा असताना, रेल्वेने थेट कोलकात्याला पोहोचला आणि पुढे ऑस्ट्रेलियातील कुटुंबात दत्तक गेला. त्याला गावाचे नाव सांगता येत नव्हते. मात्र रेल्वे स्थानकाजवळची पाण्याची टाकी, ‘गणेश तलाई’ या वस्तीच्या नावाचा मोडका उच्चार आणि बऱ्हाणपूर स्थानकाच्या नावाची पुसट खूण त्याच्या मनात टिकून होती. तेवढ्या शिदोरीवर, उपग्रहांची छायाचित्रे धुंडाळत, तो २०१२ मध्ये आपल्या आईपर्यंत पोहोचला.

३/२२
तीन महिन्यांच्या बाळाजवळ अशी कोणतीही शिदोरी नसते. ते स्वतःचा साक्षीदार होऊ शकत नाही. त्याची ओळख पूर्णपणे इतरांच्या स्वाधीन असते: आईच्या आठवणीत, दाईच्या जबाबात, नोंदवहीतल्या एका ओळीत. म्हणून ‘न उलगडलेले प्रकरण’ हा शब्दप्रयोग बाळांच्या बाबतीत जरा जपून वापरला पाहिजे. अशा बहुतेक प्रकरणांत रहस्य फारसे खोल नसते. पहिल्या दिवशी जे लिहायला हवे होते ते लिहिले गेले नाही किंवा लिहिलेले पुढे जपले गेले नाही, एवढेच पुष्कळदा घडलेले असते. इतिहासाच्या अभ्यासकाने ही प्रकरणे हेरकथेसारखी वाचणे सोडून दप्तरासारखी वाचायला हवीत. पुढे दिलेली चार उदाहरणे याच दिशेने बोट दाखवतात.

४/२२
पहिले उदाहरण सर्वांत गाजलेले. १ मार्च १९३२ च्या रात्री अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, होपवेल या गावाजवळच्या घरातून, विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे वीस महिन्यांचे बाळ वरच्या मजल्यावरील खोलीतून नाहीसे झाले. रात्री दहाच्या सुमारास दाई खोलीत गेली, तेव्हा पाळणा रिकामा होता. खिडकीपाशी ५० हजार डॉलरची खंडणी मागणारी चिठ्ठी होती आणि बाहेर हाताने बनवलेली शिडी पडलेली होती. बातमी पसरताच पोलीस, पत्रकार आणि बघे यांची आवारात रीघ लागली. ओल्या जमिनीवरच्या पाऊलखुणा त्या वर्दळीत तुडवल्या गेल्या. त्यांचे नीट मोजमापही झाले नाही.

५/२२
मग सुरू झाला तर्काचा खेळ. घरातल्यांपैकीच कोणीतरी फितूर असणार, असे पोलिसांनी आणि वृत्तपत्रांनी गृहीत धरले. लिंडबर्ग यांच्या सासुरवाडी कामाला असलेल्या व्हायोलेट शार्प या तरुणीची पुन्हा पुन्हा चौकशी झाली. १० जून १९३२ रोजी, आणखी एका चौकशीच्या आधी, तिने विष घेऊन जीवन संपवले. त्या रात्री ती कुठे होती याविषयी तिने दिलेल्या माहितीला नंतर दुजोरा मिळाला. तोवर बाळाचा मृतदेहही सापडला होता, १२ मे रोजी, घरापासून काही मैलांवर. एका अपराधात दोन जीव गेले. त्यांतला दुसरा जीव संशयाने घेतला.

६/२२
तपास पुढे सरकला तो एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामामुळे. खंडणी देण्यापूर्वी नोटांचे क्रमांक टिपून ठेवावेत, असा आग्रह करविभागाच्या अधिकाऱ्यांनी धरला होता. त्यांतल्या बऱ्याच नोटा सुवर्ण-प्रमाणपत्रे होत्या. १९३३ मध्ये सरकारने ती परत मागवली, त्यामुळे अशी नोट वापरणारा माणूस डोळ्यांत भरू लागला. सप्टेंबर १९३४ मध्ये एका पेट्रोल पंपावरच्या कर्मचाऱ्याने नोटेच्या कडेला गिऱ्हाइकाच्या मोटारीचा क्रमांक लिहून ठेवला. त्यावरून ब्रूनो हाउप्टमान पकडला गेला. ३ एप्रिल १९३६ रोजी त्याला मृत्युदंड देण्यात आला. शेवटपर्यंत त्याने गुन्हा नाकारला आणि त्याच्या दोषाविषयीचा वाद आजही पूर्ण शमलेला नाही. तरीही पोलीस त्याच्या दारापर्यंत पोहोचले ते टिपून ठेवलेल्या क्रमांकांच्या मागावर, एवढे निर्विवाद आहे.

७/२२
दुसरे उदाहरण घरातले नाही, तंबूतले आहे. पण आई-वडिलांवरच्या संशयाविषयी याइतके बोलके प्रकरण दुसरे नाही. १७ ऑगस्ट १९८० रोजी ऑस्ट्रेलियातील उलुरू येथे सहलीला आलेल्या चेंबरलेन कुटुंबाची नऊ आठवड्यांची मुलगी अझारिया तंबूतून नाहीशी झाली. डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, तिला घेऊन गेला, असे आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. त्या रात्री तिथल्या आदिवासी वाटाड्यांनीही डिंगोच्या पायांचे ठसे पाहिले होते. मात्र आई पुरेशी रडत नाही, तिचा चेहरा थंड दिसतो, अशा निरीक्षणांवर लोकमत तापत गेले.

८/२२
ऑक्टोबर १९८२ मध्ये लिंडीला जन्मठेप झाली. मोटारीत सापडलेले डाग तान्ह्या बाळाच्या रक्ताचे आहेत, असे तज्ज्ञांनी न्यायालयात सांगितले होते. नंतरच्या तपासणीत हे मत टिकले नाही. त्यांतले काही डाग मोटारीचा आवाज दाबण्यासाठी कारखान्यात फवारलेल्या रसायनाचे निघाले. १९८६ मध्ये बाळाचे हरवलेले जाकीट उलुरूच्या पायथ्याशी सापडले आणि आईची सुटका झाली. १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. मृत्यूचे कारण डिंगो, हा अंतिम अधिकृत निष्कर्ष कागदावर यायला २०१२ चा जून महिना उजाडला. बत्तीस वर्षे! ठसे पाहणाऱ्या वाटाड्यांच्या शब्दाला पहिल्याच आठवड्यात वजन मिळाले असते, तर ही बत्तीस वर्षे लागली नसती.

९/२२
आता महाराष्ट्राकडे वळू. इथले सर्वांत कुप्रसिद्ध बालअपहरण प्रकरण म्हणजे अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांचे. १९९० ते १९९६ या काळात कोल्हापूर, पुणे, नाशिक, ठाणे, कल्याण या टापूत त्यांनी लहान मुले पळवली. कारण अंगावर शहारा आणणारे होते. मंदिरात, जत्रेत, बसस्थानकावर चोरी करताना कडेवर मूल असले की संशय येत नाही आणि पकडले गेलेच तर लोकांना दया येते. मूल उपयोगाचे राहिले नाही, किंवा जड होऊ लागले, की त्याचा जीव घेतला जाई.

१०/२२
येथे थांबून पाहावे असे बरेच काही आहे. सहा वर्षे वेगवेगळ्या शहरांतून मुले जात राहिली आणि तरीही हे सगळे एकाच टोळीचे काम आहे हे कोणाच्या ध्यानी आले नाही. अखेर दुवा जुळला तो कुटुंबाच्या आतूनच. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याच्या दुसऱ्या पत्नीची मुलगी पळवून मारली गेली. दुसऱ्या मुलीवरही डोळा असल्याचे लक्षात येताच त्या आईने पोलिसांत धाव घेतली. १९९६ च्या अखेरीस अटका झाल्या. जिच्या मुलीला नाव होते, जिच्याजवळ संशय घेण्याजोगी माणसे होती आणि जी पोलीस ठाण्याची पायरी चढू शकली, तिच्यामुळे इतरांच्या मुलांचाही हिशेब निघाला.

११/२२
अंजनाबाई खटल्यापूर्वीच तुरुंगात मरण पावली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यानंतर दयेचा अर्ज सरकारी टेबलांवर जवळजवळ आठ वर्षे रेंगाळला आणि २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी तो फेटाळला. याच दिरंगाईचे कारण देऊन मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. मुले पळवली जात असताना कागद एकमेकांना भेटले नाहीत आणि शिक्षेच्या वेळी कागद वेळेवर हलले नाहीत.

१२/२२
या प्रकरणावर भरपूर लिहिले गेले, दृक्‌श्राव्य मालिका झाल्या. ‘देशात पहिल्यांदा स्त्रियांना फाशी होणार का?’ हा प्रश्न वर्षानुवर्षे चघळला गेला. पण खटल्यातले एक अंतर फारसे कोणी मोजत नाही. जितक्या मुलांच्या अपहरणाचा आरोप ठेवला गेला, त्याहून पुष्कळच कमी मुलांच्या हत्या न्यायालयात सिद्ध होऊ शकल्या. हे अंतर कायद्याच्या दृष्टीने योग्यच आहे. पुराव्यावाचून दोष धरता येत नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने त्या अंतरात मुले आहेत. उकललेल्या म्हणून मिरवल्या जाणाऱ्या प्रकरणाच्या पोटात न उकललेली प्रकरणे दडलेली असतात आणि ती सहसा ज्यांच्यामागे कागद नव्हता अशांची असतात.

१३/२२
कागद नसलेल्या बाळाचा माग कधीच लागत नाही का? याचे उत्तर देणारा प्रयोग हजारो मैलांवर, अर्जेंटिनात झाला. २४ नोव्हेंबर १९७६ रोजी ला प्लाता शहरातील तिसाव्या रस्त्यावरच्या एका घरावर लष्कर आणि पोलिसांनी हल्ला चढवला. सशांच्या पैदाशीच्या व्यवसायाआड तिथे लष्करी राजवटीविरुद्धचा गुप्त छापखाना चालत होता. गृहिणी दियाना तेरुग्गी आणि तिचे सहकारी मारले गेले. तिची तीन महिन्यांची मुलगी क्लारा अनाही मात्र त्या घरातून नाहीशी झाली. वडील दानिएल त्या वेळी बाहेर होते. पुढल्या वर्षी त्यांनाही ठार करण्यात आले.

१४/२२
बाळ आगीत जळाले, असे आजीला सांगण्यात आले. आजीचे नाव मारिया इसाबेल, पण सगळा देश तिला ‘चिचा’ मारियानी म्हणून ओळखतो. बाळाला जिवंत बाहेर नेताना पाहिल्याचे सांगणारे लोक तिला भेटत गेले. पोलीस ठाणी, न्यायालये, अनाथालये पालथी घालताना तिला आपल्यासारख्याच इतर आज्या भेटल्या. १९७७ मध्ये त्यांनी एकत्र येऊन संघटना उभी केली. बेपत्ता केलेल्यांची सुमारे ५०० मुले लष्करशहांनी चोरून आपल्या मर्जीतल्या घरांत वाटली असावीत, असा या आज्यांचा अंदाज आहे. त्या मुलांची खरी नावे पुसून दुसरी नावे कागदावर चढवली गेली होती. म्हणजे इथे नोंद होती, पण खोटी.

१५/२२
खोट्या कागदाला उत्तर म्हणून आज्यांनी शास्त्रज्ञांना एक साधा प्रश्न विचारला: आई-वडील दोघेही मारले गेले असतील, तर आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का? अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ च्या सुमारास याचे गणित बसवून दिले. पुढे मायटोकाँड्रियातील डीएनएचाही उपयोग झाला. तो केवळ आईकडून येत असल्याने आईची आईसुद्धा पुरेशी साक्ष देते. १९८७ मध्ये अर्जेंटिनाच्या संसदेने राष्ट्रीय जनुकीय नोंदपेढी स्थापन केली. हरवलेली मुले जितकी वर्षे जगण्याची शक्यता आहे, तितकी वर्षे नमुने जपायचे, असा हिशेब करून २०५० सालापर्यंतची तरतूद केली गेली. आजवर १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे.

१६/२२
क्लारा अनाही त्यांत नाही. २०१५ च्या नाताळात एका स्त्रीने आपण तीच असल्याचे सांगितले. तिच्याजवळ खासगी प्रयोगशाळेचा अहवाल होता. नव्वदी ओलांडलेल्या चिचाने तिला मिठी मारतानाचे छायाचित्र जगभर गेले. राष्ट्रीय नोंदपेढीचा निष्कर्ष मात्र स्पष्ट होता: जुळत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये चिचा गेली, नातीला न भेटताच. गोळ्यांनी चाळण झालेले ते घर आज स्मारक म्हणून जपले आहे. घरातून नाहीशा झालेल्या बाळाचे हे प्रकरण आजही उघडे आहे, पण ते निराधार नाही. क्लारा अनाही जिवंत असेल आणि कधी तिच्या मनात शंका आली, तर तिचे रक्त ताडून पाहायला नमुना तयार आहे. प्रकरण न उलगडणे आणि प्रकरण सोडून देणे यांतला फरक तो हाच.

१७/२२
भारतातला कायदा या बाबतीत कुठून कुठे आला? १८६० च्या दंडसंहितेला अपहरण ठाऊक होते, पण बाळाचे हरवणे ठाऊक नव्हते. कलम ३६९ दहा वर्षांखालच्या मुलाला पळवण्याविषयी होते, मात्र हेतू त्याच्या अंगावरची चीजवस्तू चोरण्याचा असला पाहिजे. दागिने घातलेली मुले पळवली जाण्याचा तो काळ होता. कायद्याच्या नजरेत मुलापेक्षा त्याच्या हातातली कडी ठळक होती. १९५९ मध्ये भीक मागण्यासाठी मुले पळवण्याविरुद्ध स्वतंत्र कलम आले. पण गुन्ह्याचा पुरावा नसलेले, नुसतेच ‘हरवलेले’ मूल पोलिसांच्या दप्तरात केवळ ‘मिसिंग’ म्हणून नोंदले जाई. मिसिंगची नोंद म्हणजे तपास नव्हे.

१८/२२
ही ढिलाई देशाला २००६ च्या अखेरीस नोएडाजवळच्या निठारीत दिसली. तिथल्या गरीब कुटुंबांची मुले दीर्घकाळ नाहीशी होत होती आणि पालकांच्या तक्रारींना दाद मिळत नव्हती. त्यानंतर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने हरवलेल्या मुलांच्या प्रश्नावर समिती नेमली. १० मे २०१३ रोजी, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने दंडक घालून दिला: हरवलेल्या प्रत्येक मुलाच्या तक्रारीवर प्रथमदर्शनी माहिती अहवाल नोंदवायचा आणि उलट पुरावा मिळेपर्यंत अपहरण किंवा तस्करी झाली असेच गृहीत धरायचे. १८६० पासून मोजले तर या एका वाक्याला दीडशेहून अधिक वर्षे लागली. भारतीय बालहक्कांच्या इतिहासात त्याला जे स्थान मिळायला हवे, ते अजून मिळालेले नाही.

१९/२२
तरीही तान्ह्या बाळापुरता रकाना रिकामाच राहतो. पाच वर्षांखालील मुलाला निळे ‘बाल आधार’ मिळते, पण त्यात बोटांचे ठसे किंवा बुबुळांची नोंद नसते. ते पालकाच्या आधारशी जोडलेले असते. म्हणजे बाळ पालकापासून तुटले की त्या क्रमांकावरून बाळ ओळखता येत नाही. २०१९ च्या डीएनए विधेयकात हरवलेल्या व्यक्तींसाठी स्वतंत्र सूची प्रस्तावित होती. ते विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेतले गेले. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये डॉ. लालजी सिंग यांनी डीएनए ठशांचे देशी तंत्र विकसित केले त्याला तीन दशके उलटून गेली आहेत. तंत्र आहे, पण हरवलेल्या बाळाच्या आईचे रक्त कायद्याच्या आधाराने कायम जपून ठेवणारी राष्ट्रीय पेढी नाही.

२०/२२
नवी मुंबईकडे पाहिले की हा प्रश्न प्रत्यक्ष कसा दिसतो ते कळते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनीवर शहर आखले गेले. १९९२ मध्ये नवी मुंबई महापालिका सुरू झाली, १९९४ मध्ये वेगळे पोलीस आयुक्तालय आले, २०१६ मध्ये पनवेल महापालिका. वाशी-नेरूळ ठाणे जिल्ह्यात, खारघर-कळंबोली रायगडमध्ये. जन्माच्या नोंदी दोन महापालिकांत, पोलीस आयुक्तालय मात्र एकच. हे शहर बांधणारा मजूर तर तिसऱ्याच जिल्ह्यातून किंवा राज्यातून आलेला. बांधकामाच्या आवारातल्या पत्र्याच्या खोलीत घरच्या घरी जन्मलेल्या बाळाची नोंद कुठे असेल? गावी? नाक्यावरच्या दवाखान्यात? की कुठेच नाही? ते बाळ उद्या नाहीसे झाले, तर शोधाची पहिली ओळ कुठल्या कागदावरून लिहायची? इतके काटेकोर आखलेले शहरही या प्रश्नापुढे निरुत्तर होते.

२१/२२
यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येत नाही. सरकारच्या हाती सगळ्यांचे रक्त आणि ठसे सोपवले, तर उद्या त्यांचा वापर पाळतीसाठी होणार नाही कशावरून? डीएनए विधेयकावर संसदीय स्थायी समितीच्या २०२१ च्या अहवालातही अशा भीतीची नोंद आहे, आणि ब्रिटिशांनी एकेका जमातीला जन्मजात गुन्हेगार ठरवून हजेरी घेतलेल्या देशात ती भीती पोकळ नाही. पण अर्जेंटिनाचे उत्तर इथे उपयोगी पडते. तिथली पेढी गुन्हेगारांच्या यादीतून जन्मली नाही. ती शोध घेणाऱ्या कुटुंबांच्या मागणीतून, त्यांच्या संमतीने आणि एकाच मर्यादित हेतूने उभी राहिली. भारताच्या विधेयकाने गुन्हेगार, संशयित आणि हरवलेली मुले यांना एकाच छपराखाली आणले, तिथेच त्याचा पाया डळमळला. हरवलेल्यांसाठीचा कायदा वेगळा, छोटा आणि कुटुंबाच्या संमतीवर उभा असायला हवा. तसा तो झाला तर गोपनीयता आणि शोध यांत वैर उरत नाही.

२२/२२
इतिहासाची आवड असलेल्या तरुण वाचकांच्या वाट्याला यातले एक काम येते. बाळ नाहीसे झाल्याचे जुने किंवा नवे प्रकरण समोर आले की ‘कोणी केले असेल?’ हा प्रश्न सर्वांत आधी जिभेवर येतो. तो शेवटी ठेवावा. आधी विचारावे: पहिल्या दिवशी काय लिहिले गेले? कोणाचा जबाब घेतला गेला आणि कोणाचा नाही? तो कागद आज कुठे आहे? आई कशी रडली यावर निकाल देणाऱ्यांनी लिंडी चेंबरलेनची तुरुंगातली वर्षे आठवावीत. नोकरांकडे बोट दाखवणाऱ्यांनी व्हायोलेट शार्प आठवावी. आणि बाळाचे पुढे काय झाले हे ठाऊक नसेल, तर त्याला मेलेले धरू नये. १९७६ साली तीन महिन्यांची असलेली क्लारा अनाही हयात असेल, तर आज पन्नाशीच्या घरात असेल, कदाचित तिची स्वतःची मुलेही असतील. महाराष्ट्रातून त्याच वयात नाहीशी झालेली कितीतरी माणसे आज दुसऱ्याच नावाने हयात असू शकतात. त्यांच्यापर्यंत पोहोचणारी वाट नोंदवहीतून जाते. ती नोंदवही उघडी ठेवणे हेच इतिहासाचे काम आहे.